सहा आठवडे फुंक बंद

"नाक चिमटीत धरा, तोंड उघडं ठेवा, आणि नाक शिंकरताना करतो तसा हळूच जोर करा," डॉक्टर म्हणाले. मी तसं केलं. वरच्या उजव्या बाजूला, अगदी मागे, जिथली अक्कलदाढ पंधरा दिवसांपूर्वी काढली होती तिथे बारीक बुडबुड ऐकू आली. डॉक्टरांनी एक छोटा आरसा माझ्या तोंडात धरला होता आणि दुसरा माझ्या हातात दिला होता. दाढेच्या रिकाम्या खड्ड्यातून एक तांबूस बुडबुडा बाहेर आला आणि फुटला. तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

"ओरो-अँट्रल फिस्ट्युला," डॉक्टर म्हणाले, आणि माझा चेहरा बघून मराठीत सांगू लागले. गालाच्या हाडाच्या आत एक पोकळी असते, तिला अँट्रम म्हणतात. घराला माळा असतो तशी ती तोंडाच्या वर असते आणि तिचं दार नाकात उघडतं. काही माणसांच्या वरच्या दाढांची मुळं या माळ्याच्या फळ्यांपर्यंत गेलेली असतात. माझी दाढ निघाली तेव्हा फळीला भोक पडलं. आता तोंडातली हवा माळ्यात जाते आणि माळ्यातून नाकात.

"बुजेल ना?" मी विचारलं.

"लहान भोक आपलं आपण बुजतं. तुमचं बुजायला हवं होतं. तुम्ही काम काय करता?"

"सनई वाजवतो."

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला आणि सिस्टरांकडे बघितलं. मग ते म्हणाले, "बसा नीट. आता सगळं पहिल्यापासून सांगा, काही लपवू नका."

त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो. मी सातवीपर्यंत शिकलेला, भोरजवळच्या उत्रोलीचा माणूस. ज्यांना दाढ काढावी लागेल त्यांनी वाचावं, आणि ज्यांचा धंदा फुंकण्याचा आहे त्यांनी दोनदा वाचावं.

लढाईचे दिवस होते. माघात दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, हिंग झाला, कापूर झाला. मी सनईला तोंड लावलं की ठणका कानात जायचा. आमच्या घराकडे देवळातल्या वाजपाची चाकरी पिढ्यान् पिढ्या आहे. वडील गेल्यापासून सनई मी वाजवतो आणि माझे चुलते बापूकाका माझ्याबरोबर सूर धरतात. सूर म्हणजे दुसरी सनई. तिच्यातून एकच स्वर अखंड धरून ठेवायचा असतो, आणि त्यावर मी चाल वाजवायची असते. चाल मला येते, काकांना येत नाही. याचा मला तोरा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. "काका, तुमाला एकच स्वर, तुमचं बरंय," असं मी चारचौघांत म्हणायचो आणि काका हसायचे.

फाल्गुनात गाल सुजला तेव्हा भोरला जाऊन एका डॉक्टरांकडून दाढ काढून घेतली. मूळ लांब आणि वाकडं होतं, बाहेर आल्यावर त्यांनीच मला ते दाखवलं. त्यांचं काम चोख होतं. "पंधरा दिवस सनई वाजवायची नाही," असं त्यांनी मला दोनदा बजावलं. मी हो म्हणालो, आणि शपथेवर सांगतो, सनईला हात लावला नाही.

फक्त शंख फुंकला.

हसू नका. आमच्याकडे सकाळच्या पूजेला शंख लागतो, आणि तो आमच्याच घरातल्या माणसाने फुंकायचा असतो. शंख फुंकणं म्हणजे वाजवणं नव्हे, ती पूजा. डॉक्टरांनी वाजवायला मनाई केली होती, पूजेला नाही. माझ्या मनात हा प्रश्न आलाच नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पोटातून दम घेऊन मी शंख फुंकत राहिलो. चौथ्या दिवशी शंखातून फुस् एवढाच आवाज आला आणि उजव्या नाकपुडीतून गरम हवा सुटली. त्या दुपारी चूळ भरली तर पाणी नाकातून गळलं.

मी कुणाला सांगितलं नाही. पुढच्यांसाठी लिहायचं तर हीच माझी खरी चूक. देवाने माझी फुंक काढून घेतली असं मला वाटलं. विटाळाच्या तोंडाने शंख फुंकला, रक्ताचं तोंड होतं, म्हणून ही शिक्षा. आठ दिवस मी भिंतीकडे तोंड करून जेवलो, कारण ताक प्यालो तरी नाकात येत होतं. शेवटी माझ्या बायकोने, सरूने, ते बघितलं.

"अवं, हे काय? नाकातनं ताक?"

"जरा ठसका लागला."

"ठसका आठ दिस लागतुय व्हय? ऱ्हाऊ द्या. उद्याच्या मोटारीनं पुण्याला जायाचं."

बापूकाकांना तिनेच सांगितलं. मला वाटलं ते देवाचं काही काढतील. ते एवढंच म्हणाले, "देव कशाला कुणाचं भोक पाडील? त्येला दुसरी कामं न्हाईत व्हय?"

दुसऱ्या दिवशी भोरहून, पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने आम्ही तिघं निघालो. नसरापूरच्या पुढे मोटार दोनदा थांबली आणि ड्रायव्हरने खाली उतरून मागची शेगडी ढोसली. मी वाटभर तोंड मिटून बसलो होतो. पुण्याच्या दवाखान्यात बाकड्यावर तीन तास गेले. मग तो बुडबुडा.

माझं सांगून झाल्यावर डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद पुढे ओढला. "भोक आता शिवावं लागेल. सनई आणि शंख झाले. तुम्ही आणखी काय काय फुंकता?"

"काही नाही."

"फुंकणी?" सरू दारातून म्हणाली. "चूल पेटवायला मला धूर सोसत न्हाई, म्हनून हेच फुंकत्यात."

डॉक्टरांनी लिहिलं, फुंकणी. मग बापूकाकांनी जत्रेतलं शिंग आठवून दिलं. मला बैलांना घालायची शीळ आठवली. चिलीम मी क्वचित ओढतो, तीही लिहिली, कारण ओढण्यानेसुद्धा टाके सुटतात. बशीतला चहा फुंकणं, नाक शिंकरणं, कंदील विझवणं, मोठ्याने खाकरणं. कागद भरत आला. सिस्टर तोंडावर पदर धरून हसत होत्या.

"शिवल्यावर सहा आठवडे यातलं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. दाबायची नाही."

"सहा आठवडे? पण चैत्रात पासलीची जत्रा आहे."

पासली वेल्ह्याच्या डोंगरात आहे. तिथल्या देवाची पालखी आमच्या घरच्या सनईवर उठते, हा मान आजोबांच्याही आधीपासूनचा. सनई सुरू झाल्याखेरीज भोई खांदा देत नाहीत. जत्रा बरोबर चौथ्या आठवड्यात येत होती. मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं, थोडं लांबण लावूनच सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "जत्रा दर वर्षी येते. जखम एकदा फिस्कटली की दुसऱ्यांदा शिवायला मांस कमी उरतं. तिसऱ्यांदा जवळजवळ उरतच नाही. मग सनई विसरा. आता तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं. त्या क्षणी हो म्हणायला काही लागत नाही.

आधी माळा धुवायचा होता, कारण आत पू साठला होता. चार दिवस रोज सकाळी त्या भोकातून कोमट मिठाचं पाणी आत सोडायचे आणि ते नाकातून चिनी मातीच्या वाडग्यात पडायचं. पहिल्या दिवशी घाण वास आला. चौथ्या दिवशी पाणी स्वच्छ आलं तेव्हा सिस्टर मला वाडगं दाखवायला मुद्दाम घेऊन आल्या. दुसऱ्याच्या नाकातलं पाणी बघून इतका आनंद झालेली बाई मी पुन्हा पाहिली नाही.

पाचव्या दिवशी शिवण. नोव्होकेनची सुई हिरडीत दिली. त्याने ती जागा बधिर होते, माणूस जागा असतो. सुई टोचताना दुखतं, हे खोटं सांगत नाही, पण दाढ ठणकते त्याच्या पावपटही नाही. मग डॉक्टरांनी गालाच्या बाजूच्या मऊ मांसाची एक पट्टी सोडवली आणि पदर ओढून घ्यावा तशी भोकावर ओढून घेतली. रेशमी दोऱ्याचे पाच टाके घातले. मला फक्त ओढ कळत होती आणि दोरा कापल्याचा बारीक कच् ऐकू येत होता. वर सल्फाची पांढरी भुकटी टाकली. ती जखम चिघळू देत नाही. अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

संध्याकाळी सरूने चमच्याने पेज दिली. मी भीतभीत गिळली आणि नाकाखाली बोट धरून बसलो. बोट कोरडं राहिलं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. सरू म्हणाली, "रडू नगा. नाक शिंकराया लागंल."

घरी परतलो. सरूने मिरचीची फोडणी बंद केली, का तर शिंक येऊ नये. चूल तीच पेटवू लागली आणि धुराने तिचे डोळे लाल व्हायचे. नाचणीची आंबील, गुरगुट्या भात, आणि सगळं डाव्या बाजूने. देवळातला शंख बापूकाका फुंकत होते. डॉक्टरांची यादी तिने देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला लावली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण तिला ती पाठ होती.

नवव्या दिवशी मी घोटाळा केला.

काकांच्या सुराची पत्ती फुटली होती. सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची चिमुकली पत्ती असते, तिच्यात सगळा आवाज असतो. पत्त्या करायचं काम माझं. मी ओट्यावर बसून एक कातली, बांधली, आणि मन भलतीकडे असताना ती तोंडात घातली. पत्ती थुंकीत भिजवून चोखल्याशिवाय बोलत नाही. मी ते लहानपणापासून करत आलो आहे. दिवसाकाठी वीस वेळा तरी होतं, पापणी लवते तशी ती सवय. चार-पाच वेळा जोरात चोखली असेल. मग जिभेला खारट लागलं.

पत्ती काढून बघितली तर तांबडी. डॉक्टरांचं ते वाक्य कानात वाजायला लागलं, दुसऱ्यांदा मांस कमी उरतं. सरूला हाक मारायचंही धाडस होईना. पण मागचे आठ दिवस आठवले, भिंतीकडे तोंड करून जेवलेले, आणि मी तिला हाक मारली. तिने खिळ्यावरची यादी काढली, पदराला बांधली, आणि आम्ही मोटारीच्या थांब्यावर गेलो.

पुण्यात पुन्हा तेच बाकडं. पुन्हा तोच आरसा. डॉक्टरांनी एकेक टाका मोजला.

"एक टाका सुटलाय," ते म्हणाले. "चार धरून आहेत. पट्टी जागेवर आहे. काय फुंकलंत?"

"फुंकलं नाही. पत्ती चोखली. पत्ती यादीत नव्हती."

"यादी तुमची होती. मी फक्त लिहून घेतली." सरूने पदराची गाठ सोडून कागद पुढे केला. त्यांनी तळाला एक ओळ लिहिली आणि मला वाचायला लावली. तोंडात अन्नाखेरीज काहीही घालू नये.

परत येताना मोटारीत मी झोपलो. किती दिवसांनी अशी झोप लागली होती कुणास ठाऊक.

चौथ्या आठवड्यात जत्रा आली. घरी राहावं असं काका म्हणत होते, पण मी गेलो. सनई पेटीत घालून सरूच्या डोक्यावर दिली, म्हणजे माझ्या हाताला लागणार नाही. टाके केव्हाच काढले होते. आरशात बघितलं तर तिथे गुलाबी, चकचकीत कातडी आलेली दिसायची. हे दिसणंच वाईट. बरं वाटायला लागलं की माणूस शहाणपणा विकून खातो.

पासलीच्या देवळापुढे माणूस मावत नव्हतं. पालखी सजली, भोई उभे राहिले, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. गावचे पाटील म्हातारे होते, माझ्या वडिलांचे स्नेही. ते जवळ आले.

"म्हादेवा, आमाला सारं कळलंय. पर येक फुंक मार. नुसती येक. पालखी उठू दे, मग बस हितं गप."

एक फुंक. आतून सगळं भरून आलेलं वाटत होतं. पेटी सरूच्या मांडीवर होती आणि तिने दोन्ही हात पेटीवर ठेवले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचे धुराने लाल झालेले डोळे मला दिसले. पाच टाके डॉक्टरांनी घातले होते खरे, पण इतके दिवस ते सांभाळत कोण होतं?

"पाटील, मला जमायचं न्हाई," मी म्हणालो.

कुजबूज झाली. कुणी म्हणालं, अपशकुन. कुणी म्हणालं, दुसरीकडनं वाजंत्री आणायला पायजे हुती. माझी मान खाली गेली.

तेवढ्यात सूर आला. बापूकाका पायरीवर बसून सूर धरत होते. त्यांना चाल येत नाही, म्हणून त्यांनी चाल वाजवायचा प्रयत्नच केला नाही. नेहमी माझ्या मागे धरतात तोच एक स्वर, तितकाच सरळ, गाल फुगवून दम न तोडता. लोक थांबले. पुढे चाल येईल म्हणून वाट बघत राहिले. चाल आली नाही, सूर थांबला नाही. संबळवाल्याने हळूच ताल धरला. मग पुढचा भोई वाकला, त्याने खांदा दिला, आणि पालखी उठली.

गुलाल उडाला. सरूने धावत येऊन ओलं फडकं माझ्या नाकावर बांधलं, तरी मला शिंक आली, आणि ती मी आ वासून दिली. मी पालखीबरोबर चालत होतो, हातात काही नाही, तोंडात काही नाही. सनई माझ्याच तोंडाशी असते म्हणून आजवर मी काकांचा सूर कधी ऐकलाच नव्हता. त्या दिवशी शिवेपर्यंत मी तेवढंच ऐकलं. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. माझ्यावाचून पालखी अडत नाही हे कळलं, आणि छातीवरचं मोठं ओझं उतरलं.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे सनई घेऊन पुण्याला गेलो. काका आले, सरू आली. आधी तीच परीक्षा. नाक चिमटीत, तोंड उघडं, हळूच जोर. आरशात बघत होतो. बुडबुडा नाही. डॉक्टरांनी पुन्हा करायला लावलं. नाही.

"आता बाहेर व्हरांड्यात चला," ते म्हणाले. "सनई काढा."

बाकड्यांवर माणसं बसली होती. पत्ती तोंडात घेताना मी सरूकडे बघितलं, तिने मान हलवली. डॉक्टरांनी दुसरा एक गोल आरसा माझ्या नाकाखाली आडवा धरला. हवा नाकातून गेली तर त्यावर वाफ धरली असती.

मी दम घेतला आणि फुंकलं. सहा आठवड्यांचा गंजलेला आवाज, आधी बेसूर, मग जागेवर आला. गालाला ओढ बसली, दुखलं नाही. मी स्वर लांबवला. पूर्वीइतका दम टिकत नव्हता, डोळ्यांपुढे काळोखी येऊ लागली, पण सोडवेना. सोडला आणि पुन्हा आला नाही तर, ही भीती होती.

माझ्या डाव्या बाजूने दुसरा सूर लागला. बापूकाकांनी आपली सनई पिशवीतून आणली होती, मला न सांगता. ते माझ्या स्वराला येऊन मिळाले. एक पळभर त्यांनी सनई ओठांवरून काढली.

"सोड आता. दम घे, म्हादू. सूर म्या धरलाय."

त्यांनी पुन्हा धरला. मी सोडला. डॉक्टरांनी आरसा माझ्या डोळ्यांपुढे आणला. काच लख्ख कोरडी होती, आणि तिच्यात दम घेणारा मी दिसत होतो.